लिपान पॉइंट ते ग्रँडव्ह्यू: ग्रँड कॅन्यनच्या कोरड्या बाजूने पाच दिवस

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून खाली जाणाऱ्या ब्राइट एंजलच्या वाटेवर गर्दी असते, मोसमात नळाला पाणी असतं, रेंजर भेटतात. तिथून पूर्वेला, लिपान पॉइंटवरून टॅनर ट्रेलने नदीपर्यंत उतरायचं, एस्कलांते रूटने नदीच्या डाव्या तीराने हान्स रॅपिड या खळाळापर्यंत जायचं, टोंटो ट्रेलने हान्स क्रीक हा ओढा गाठायचा आणि हॉर्सशू मेसा या सपाट माथ्याच्या डोंगरावरून ग्रँडव्ह्यू पॉइंटला वर यायचं, हा मात्र वेगळाच मामला आहे. अंतर सुमारे 50 किलोमीटर. वाटेत नळ एकही नाही. खात्रीचं पाणी तीनच ठिकाणी: कोलोरॅडो नदी, हान्स क्रीक आणि हॉर्सशू मेसाच्या पोटातला मायनर्स स्प्रिंग, ज्याला पेज स्प्रिंग असंही म्हणतात. नकाशावर बाकीचे जे ओढे दिसतात ते वर्षातला बहुतेक काळ कोरडे असतात. पाऊस पडून गेल्यावर कातळातल्या खळग्यांत पाणी साचतं, पण त्याच्या भरवशावर बेत आखू नये.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना मार्च-एप्रिलमध्ये आटलेलं टाकं नवीन नाही. पण तिथे गड उतरला की वाडी लागते, हापशी असते. इथे उलटा प्रकार: उतरण आधी, ताज्या पायांनी, आणि सगळ्यात मोठी चढण शेवटच्या दिवशी. खाली गेलेल्याची सुटका वर चढूनच होते आणि ती चढण कोरडी आहे. म्हणून या वाटेवर दिवसाची मजल किलोमीटरवर ठरवायची नाही, पाण्यावर ठरवायची. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीतून निघतं.

निघण्यापूर्वी

काठाखाली मुक्काम करायचा तर नॅशनल पार्कचा परवाना लागतो. लहान गट सहा जणांपर्यंत, मोठा अकरापर्यंत. परवान्यावर कुठल्या रात्री कुठल्या भागात राहणार ते लिहिलेलं असतं, त्यामुळे दिवसांची आखणी घरूनच पक्की करावी लागते. मार्चअखेर ते एप्रिल आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबरची सुरुवात हा चांगला काळ. उन्हाळ्यात नदीकाठी पारा 40 अंशांच्या वर जातो आणि या वाटेवर सावली जवळपास नाहीच. जून ते ऑगस्ट हा ट्रेक करूच नये. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला टॅनर आणि ग्रँडव्ह्यू या दोन्ही वाटांच्या वरच्या टप्प्यात बर्फाचा कडक थर असतो, तेव्हा बुटाला लावायचे छोटे काटे हवेत.

पाण्यासाठी माणशी किमान सहा लिटरची सोय हवी, आणि तीही एका भांड्यात नको. नळीवाल्या मऊ पिशवीला निवडुंगाचा एक काटा लागला की सगळं पाणी सॅकमध्ये. दोन कडक बाटल्या आणि दोन घडीच्या पिशव्या अशी विभागणी सोयीची. त्याशिवाय सात-आठ लिटरची घडी होणारी कापडी बादली गटाला एक, आणि तुरटी. हो, आपली घरातलीच तुरटी, पूड करून छोट्या डबीत. तिचं काम नदीवर पोचल्यावर कळेल.

खाणं खारट हवं. कोरड्या उन्हात घाम दिसत नाही, कारण तो सुटताच वाळतो, पण मीठ जात असतं. अशा वेळी नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वागणं ही त्याची लक्षणं, आणि ती उष्माघातासारखी वाटतात म्हणून माणूस आणखी पाणी पितो आणि प्रकृती आणखी बिघडते. दर तासाला पाण्याबरोबर काहीतरी खारट पोटात गेलं पाहिजे: शेंगदाणे, चिवडा, खारी बिस्किटं, मीठ-साखर-लिंबाची पूड. पहिल्या दिवसाचं जेवण मात्र पाणी न लागणारं असावं. दशमी-चटणी उत्तम.

दोन गाड्या असतील तर एक ग्रँडव्ह्यूला ठेवून दुसरीने लिपानला जावं. अंतर वीस किलोमीटरच्या आत आहे. पार्कची मोफत बस या रस्त्यावर इतकी पूर्वेला येत नाही. एकच गाडी असेल तर टॅक्सी आधी ठरवून ठेवावी.

पहिला दिवस: लिपान पॉइंट ते टॅनर बीच, 14 किलोमीटर

लिपान पॉइंटची उंची सुमारे 2,200 मीटर, नदी सुमारे 825 मीटरवर. म्हणजे एका दिवसात जवळपास 1,400 मीटर उतरण आणि वाटेत थेंबभर पाणी नाही. वसंतात किंवा ऑक्टोबरात माणशी चार लिटर घ्यावं, हवा तापलेली असेल तर सहा. फटफटताच निघावं. गुडघ्यांसाठी दोन काठ्या आणि अंगठ्यांसाठी नीट कापलेली नखं, या दोन गोष्टींनी दिवस बराच सुसह्य होतो.

पहिले तीनेक किलोमीटर सर्वांत उभे. कायबाब चुनखडक, मग कोकोनिनो वालुकाश्माचा पांढरट कडा, असे थर भराभर मागे पडतात आणि वाट सेव्हन्टी-फाइव्ह माइल सॅडल या खिंडीत येते. इथे थांबून एक हिशोब करायचा: किती पाणी प्यायलो, किती उरलं, आणि वाजले किती. एक चतुर्थांशाहून जास्त पाणी संपलं असेल, किंवा कुणाचा गुडघा आताच कुरकुरत असेल, तर परतायची जागा हीच. इथून वर जायला तीन किलोमीटर आहेत. नदीवरून परत फिरायचं ठरलं तर चौदा किलोमीटरची कोरडी चढण, पाठीवर पाच-सहा लिटर घेऊन.

टॅनरनेच वर परतणारे लोक या खिंडीत किंवा पुढे रेडवॉल या लालसर चुनखडकाच्या कड्याच्या माथ्यावर पाणी ठेवून जातात. ठेवायचं तर कडक डब्यात, सावलीला, नाव आणि परतीची तारीख लिहून, आणि रिकामा डबा वर न्यायचा. दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही. त्यात कुणाची तरी परतीची वाट असते.

खिंडीनंतर पाचेक किलोमीटर वाट एस्कलांते आणि कार्डेनास या दोन सुट्या, खडकाळ टेकड्यांच्या कुशीतून जवळपास सपाट जाते. हा भाग चालायला सुखाचा आणि म्हणूनच फसवा: वेग वाढतो, पाणी जास्त प्यायलं जातं आणि ऊन चढलेलं असताना रेडवॉलची उतरण समोर येते. कार्डेनास टेकडीला ज्याचं नाव आहे त्या गार्सिया लोपेस दे कार्डेनासची स्पॅनिश तुकडी 1540 साली होपी या स्थानिक आदिवासी जमातीच्या वाटाड्यांबरोबर दक्षिण काठावर आली होती, बहुधा याच पूर्वेकडच्या भागात. त्यांच्यातले तिघे नदीकडे उतरू लागले आणि सुमारे एक तृतीयांश उतरून माघारी आले. वरून माणसाएवढे वाटणारे खडक सेव्हिलच्या मनोऱ्याहून उंच निघाले, असं त्यांनी सांगितलं. तुकडीलाही पाण्याअभावी पुढे जाता आलं नाही. इथली हवा इतकी स्वच्छ आणि कडे इतके मोठे की अंतराचा अंदाज आजही चुकतो. रेडवॉलच्या माथ्यावरून नदी हाकेच्या अंतरावर वाटते. प्रत्यक्षात अजून तीन-साडेतीन तास असतात.

रेडवॉलची वाट उभी आणि घसाऱ्याची आहे. बारीक खडी कडक जमिनीवर गोट्यांसारखी सरकते, म्हणून पाऊल आडवं टाकून, छोटं टाकून उतरावं. त्याखाली डॉक्स थराच्या विटकरी उतारांवरून वाट नदीपर्यंत जाते. हा शेवटचा तास सगळ्यात तापट. उरलेलं पाणी वाचवत बसू नये. बाटलीत पाणी शिल्लक असताना उष्माघात झालेली माणसं कॅन्यनमध्ये सापडलेली आहेत. तहान लागली की प्यावं, आणि नदीवर पोचल्यावर आधी शर्ट भिजवून अंगात घालावा.

नदीचं पाणी

टॅनर बीच लिटल कोलोरॅडोच्या संगमाच्या खाली, सुमारे अकरा किलोमीटरवर आहे. ती उपनदी चढलेली असली की इथलं पाणी चहाच्या रंगाचं, कधी त्याहून दाट होतं. अशा पाण्यात फिल्टर घातला तर दोन-तीन लिटरमध्ये तो बंद पडतो, आणि पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा गाळाने बसला की खालच्या बाजूने पाणी दाबूनही पुरता मोकळा होत नाही. पहिल्याच संध्याकाळी फिल्टर गमावणं ही या वाटेवरची नेहमीची चूक.

रीत अशी: बादली प्रवाहातून भरावी, काठावरच्या घुसळणीतून नाही. सपाट जागी, सावलीत ठेवावी. तुरटीची पूड चिमूटभर, साधारण चार लिटरला एक चिमूट, टाकून मिनिटभर जोरात आणि मग तीन-चार मिनिटं अगदी हळू ढवळावं. गाळाच्या सूक्ष्म कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मोडतं, कण एकमेकांना चिकटतात. हळू ढवळताना पाण्यात कापसासारखे पुंजके दिसू लागले की तुरटी पुरेशी पडली. दिसले नाहीत तर आणखी अर्धी चिमूट. अर्धा-पाऊण तास बादली हलवायची नाही. मग वरचं निवळ पाणी कपाने, तळ न ढवळता, काढून घ्यायचं.

तुरटीने जंतू मरत नाहीत. निवळलेलं पाणी आता फिल्टरमधून काढावं आणि त्यात क्लोरीन डायऑक्साइडची गोळी टाकावी, कारण असा फिल्टर विषाणू अडवत नाही आणि नदीवरच्या राफ्टच्या सहलींत नोरोव्हायरसच्या साथी झालेल्या आहेत. इंधन असेल तर खळखळून उकळलेलं चालतं. रात्री निजताना बादली भरून ठेवली की तुरटी न घालताही सकाळपर्यंत बराच गाळ खाली बसतो.

नदीची पातळी ग्लेन कॅन्यन धरणातून सोडलेल्या पाण्यावर दिवसातसुद्धा वर-खाली होते. ओली वाळू जिथपर्यंत दिसते त्याच्या बऱ्याच वर तंबू लावावा, आणि बादली-बूट काठावर सोडून झोपू नये. पाणी धरणाच्या खोलातून येतं, म्हणून थंड असतं, आणि ओढ प्रचंड. गुडघ्यापलीकडे उतरू नये; पोहण्याचा तर विचारच नको. लघवी नदीत करायची, हा इथला नियम आहे; नाहीतर वाळवंटातल्या मोजक्या मुक्कामांच्या जागा वास मारू लागतात. शौचासाठी पाण्यापासून 60 मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, आणि कागद बरोबर परत.

अन्न जमिनीवरही नको आणि बंद सॅकमध्येही नको. दिवसा डोमकावळे चेन उघडतात, रात्री उंदीर सॅक कुरतडतात. जाळीची धातूची पिशवी आणली तर पुढचे चार दिवस निर्धास्त. विस्तवाला बंदी आहे, फक्त स्टोव्ह.

दुसरा दिवस: टॅनर ते एस्कलांते क्रीक, 10 ते 11 किलोमीटर

पहिले चार किलोमीटर नदीच्या बाजूने, मेस्कीट आणि टॅमरिस्कच्या झुडपांतून, कार्डेनास क्रीकपर्यंत. नावात क्रीक असला तरी तो कोरडा, पाणी नदीचंच. इथे माणशी तीन लिटर भरून घ्यावं, कारण वाट आता नदी सोडून वर चढते आणि एस्कलांते क्रीकच्या मुखाशी पुन्हा नदीला भेटेपर्यंत मध्ये काही नाही.

चढणीच्या माथ्यावरून पलीकडच्या तीरावरचा उंकार डेल्टा पूर्ण दिसतो. नदीच्या वळणावरच्या या सपाटीवर प्युब्लो लोकांचे पूर्वज सुमारे इ.स. 850 ते 1200 या काळात मका पिकवत होते. एवढ्या कोरड्या मुलखात त्यांनी वस्तीसाठी हीच जागा का निवडली ते इथे उभं राहिल्यावर लगेच समजतं: नदीशेजारी रुंद, लागवडीची माती असलेली सपाटी या सबंध टापूत विरळा. अलीकडच्या टेकडीवरही एका दगडी बांधकामाचे अवशेष आहेत. भिंतींवर बसू नये, खापरीचा तुकडा उचलून बघितला तरी तिथेच ठेवावा, खिशात घालू नये.

पुढे वाट धारेवरून आत वळते आणि एस्कलांतेच्या कोरड्या पात्राकडे उतरते. रचलेले दगड बघत चालावं. ते दिसेनासे झाले तर शेवटच्या रचलेल्या दगडांपाशी परत यावं, अंदाजाने पुढे जाऊ नये. पात्रात एक उंच कोरडा धबधबा आहे, तो वरून उतरता येत नाही. वाट त्याला वळसा घालते. पात्रातून सरळ खाली सुटलेले लोक इथेच अडकतात आणि तासभर वाया घालवतात. जमिनीवर काळपट, खडबडीत साय धरलेली दिसेल तिथे पाय देऊ नये; ती जिवंत आहे आणि पुन्हा धरायला वर्षानुवर्षं लागतात. नदीकाठी पोचलं की छोटी वाळू आणि बादलीचं काम पुन्हा.

तिसरा दिवस: एस्कलांते ते हान्स रॅपिड, 6 किलोमीटर

अंतर सर्वांत कमी आणि वेळ तरीही पाच-सहा तास. पाणी दोन लिटर पुरे, कारण नदी मध्येच दोनदा भेटते. पण सकाळीच हवामान बघावं. वरच्या बाजूला कुठेही ढग गडगडत असतील तर पुढच्या घळीत उतरायचं नाही, तंबूतच थांबायचं.

वाट शिनुमो क्वार्टझाइटच्या कातळी उतारावर चढते आणि सेव्हन्टी-फाइव्ह माइल क्रीकच्या घळीच्या काठाने उलटी, म्हणजे नदीपासून दूर, आत जाते. खाली घळीचा तळ दिसत असतो आणि तिथे उतरायचा मोह होतो. तसं करू नये. घळीचा तळ वाटेच्या पातळीला आला की हाता-पायांचा आधार घेत छोटा उतार उतरून पात्रात यायचं आणि मग पात्रातून नदीकडे. या घळीत संपूर्ण वाटेवरची सर्वांत गार सावली आहे. दोन्ही बाजूंना जांभळट कातळ चढत जातो, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात. पात्र कोरडं असताना दुपारचं जेवण इथेच करावं.

मग नदीकाठाने पॅपॅगो क्रीकच्या मुखापर्यंत, आणि समोर पॅपॅगो वॉल. दहा-बारा मीटरचा रॉक पॅच. पकडी मोठ्या, पायऱ्या भरपूर. सह्याद्रीत रॉक पॅच चढलेल्याला तो अवघड नाही. अवघड करते ती सॅक. पाठीवर पंधरा किलो घेऊन चढताना सॅक वरच्या कातळाला घासते आणि माणूस मागे ढकलला जातो. म्हणून वीस मीटर दोर हवा. पहिल्याने मोकळं चढायचं, वर भक्कम उभं राहून सॅक एकेक ओढून घ्यायच्या, खालच्याने सॅक भिंतीपासून दूर धरायची आणि सॅकच्या थेट खाली उभं राहायचं नाही. बाहेर लटकवलेल्या बाटल्या आणि काठ्या आधी आत. ओल्या कातळावर चढू नये.

वर गेल्यावर वाट कड्याच्या डोक्यावरून नदीला समांतर जाते आणि पॅपॅगो स्लाइडच्या माथ्यावर येते. ही उभी घळ सुट्या दगडांनी भरलेली. खरा धोका वॉलपेक्षा इथे आहे, कारण भिंत चढल्याच्या आनंदात गट सैल होतो. एका वेळी एकाने उतरायचं. बाकीच्यांनी घळीच्या बाहेर, आडोशाला थांबायचं. दगड निसटला की नुसतं ओरडायचं, बघत राहायचं नाही. काठ्या इथे सॅकमध्ये. दोन्ही हात लागतात.

खाली आल्यावर झुडपांतून आणि दगडधोंड्यांवरून रेड कॅन्यनचं मुख आणि हान्स रॅपिड. नदी इथे सुमारे नऊ मीटर खाली कोसळते. पलीकडच्या कातळात नारिंगी हकाताई शेलला चिरत गेलेली काळी डाइक, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या खडकरसाची भिंत, उभी दिसते; भूगर्भशास्त्र न शिकलेल्यालाही ती बघत बसावीशी वाटते. संध्याकाळी वारा सुटला की बारीक वाळू तंबूच्या जाळीतून आत येते, म्हणून झुडपांच्या आडोशाला जागा शोधावी. रेड कॅन्यनमधून वर जाणारी न्यू हान्स ट्रेल ही सुटकेची वाट म्हणून लक्षात ठेवावी, पण तीही कोरडी आणि फार उभी.

चौथा दिवस: हान्स रॅपिड ते हान्स क्रीक, 10 किलोमीटर

नदीचा निरोप. इथून खाली नदी आतल्या घळईत शिरते आणि वाट टोंटोच्या पदरावर चढते, त्यामुळे नदीचं पाणी यापुढे दिसतं पण मिळत नाही. चार लिटर, आणि ते आदल्या रात्रीच निवळून, फिल्टर करून तयार असलेलं. सकाळी बादली भरायला बसलं तर थंड वेळ तिथेच जातो.

चढण पहिल्या दोन तासांत संपते. मिनरल कॅन्यन साधारणपणे कोरडाच. नंतर पदरावरची वाट प्रत्येक दांडाला वळसा घालत जाते. समोरचा दांड दगड फेकण्याच्या अंतरावर आणि वाट मात्र किलोमीटरभर आत जाऊन परत. हान्स क्रीकला कॉटनवुडची झाडं दुरून दिसतात. पाणी बारमाही, निवळ, तुरटीची गरज नाही. फिल्टर मात्र हवाच.

पाचवा दिवस: हान्स क्रीक ते ग्रँडव्ह्यू, 8 किलोमीटर

सुमारे 1,100 मीटर चढण. क्रीकवर दोन लिटर घेऊन निघावं आणि मायनर्स स्प्रिंगच्या छोट्या फाट्यावर, रेडवॉलच्या खाली, पुन्हा चार लिटरपर्यंत भरावं. झऱ्याची धार बारीक असते, गटाला भरायला वेळ लागतो; तो वेळ धरूनच निघावं. यापुढे काठापर्यंत पाणी नाही.

रेडवॉलमधली वाट अरुंद आणि उघडी आहे. ती हॉर्सशू मेसावर आणते. इथे पीट बेरी आणि त्याच्या भागीदारांनी 1890 साली लास्ट चान्स या तांब्याच्या खाणीचा हक्क नोंदवला होता. ग्रँडव्ह्यूची वाट खनिज खेचरांवरून वर नेण्यासाठीच बांधली गेली. हिरवट-निळे खनिजाचे तुकडे वाटेवर पडलेले दिसतात, ते तिथेच राहू द्यावेत. खाणींची तोंडं उघडी दिसली तरी आत जाऊ नये: जुने आधार कुजलेले आहेत आणि आत किरणोत्सार आहे.

मेसापासून काठ पाच किलोमीटर, 760 मीटर वर. कोकोनिनोच्या टप्प्यात ओंडक्यांच्या आधारावर रचलेली दगडी फरसबंदी शंभराहून जास्त वर्षांनीही बरीचशी टिकून आहे. खेचरांच्या खुरांसाठी दगड उभे लावले आहेत, त्यामुळे माणसाचे घोटे मात्र मुरगळतात. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं बसून पाय वर, खारट खाणं, असा ठेका धरला तर मेसापासून तीन-चार तासांत काठ येतो. ग्रँडव्ह्यूच्या वाहनतळावर पिण्याचं पाणी नाही. तिथे ठेवलेल्या गाडीत माणशी दोन लिटर पाणी, खारे पदार्थ आणि एक कोरडा स्वेटर निघतानाच ठेवून यावं. काठावर, 2,256 मीटरवर, घामेजलेल्या अंगाला वारा लगेच झोंबतो.